हवामान निधी म्हणजे काय? कर्ज कुठलं, भरपाई कुठली?

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हटलं की साखर कारखाना आणि ऊस आठवतो. पण याच जालना जिल्ह्यात २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली. असं नुकसान सोसणाऱ्यांसाठी जगभरातून ‘हवामान निधी’ येतो, असं आपण बातम्यांत ऐकतो. तो नेमका काय आहे, ते थोडक्यात पाहू.

वचन कुणी दिलं?

कारखाने, कोळसा आणि तेलाच्या जोरावर श्रीमंत देश मोठे झाले. त्या धुराचा फटका मात्र गरीब देशांना जास्त बसतो. म्हणून २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. ते पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकू इथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं नवं लक्ष्य ठरलं. ही रक्कम फारच अपुरी आहे, असं भारताने तिथेच ठणकावून सांगितलं.

नुकसानभरपाईचा निधी

२०२२ च्या पुरात पाकिस्तानात १,७०० हून अधिक माणसं दगावली, तीन कोटींहून जास्त लोकांना झळ बसली. त्याच वर्षी इजिप्तच्या शर्म अल-शेख परिषदेत ‘हानी आणि नुकसान’ निधीचा निर्णय झाला. २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला. संयुक्त अरब अमिरात आणि जर्मनीने प्रत्येकी १० कोटी डॉलर जाहीर केले. पण पाकिस्तानच्या एकट्या त्या पुराचं नुकसान अब्जावधी डॉलरचं होतं. त्यापुढे हा निधी अजून फार तोकडा आहे.

आपल्याकडे काय आलं?

जालन्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच ‘पोकरा’. २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले. मराठवाडा-विदर्भासह राज्यातली पाच हजारांहून अधिक गावं त्यात होती. ठिबक, शेततळं, फळबाग यांसाठी अनुदान थेट खात्यात जमा झालं. भूमिहीनांसाठी शेळीपालनाचीही सोय होती. शेतकऱ्याच्या हातात अनुदान आलं, पण सरकारसाठी ते कर्जच आहे. ते फेडायचं आहे, आणि व्याजासकट.

मुद्दा हक्काचा आहे

दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यावी लागते, हे आपली शरियत सांगते आणि देशाचा कायदाही सांगतो. मग ज्याने धूर केला नाही, त्यानेच कर्ज काढून बांध दुरुस्त करायचा, हा न्याय कसा? गरीब देशांची मागणी म्हणूनच खैरातीची नाही, हक्काची आहे.

हाच प्रश्न गावातही आहे. पिकाची भरपाई पंचनामा आणि सातबाऱ्यावर ठरते. बटईने शेती करणारा, मजुरीवर जगणारा, ऊसतोडीला जाणारा यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबं यातच मोडतात. पीक बुडालं की त्यांची मजुरीही बुडते, पण त्याचा पंचनामा होत नाही.

आपण काय करावं?

पोकराचा दुसरा टप्पा मंजूर झाला आहे. आपलं गाव यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकाकडे विचारा. गावच्या कृषी संजीवनी समितीत कोण आहे, भूमिहीनांसाठी कोणते घटक आहेत, हे ग्रामसभेत विचारून घ्या. घर पडलं, जनावर वाहून गेलं तर त्याची भरपाई वेगळी असते आणि तिला सातबारा लागत नाही; तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, फोटो काढून ठेवा. बाकूतला पैसा अंकुशनगरला येईल तेव्हा येईल. गावात आलेल्या पैशाचा हिशेब मात्र आजही मागता येतो.