आउटबोर्डचा आवाज कसा उतरला

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूडने १९०९ साली विक्रीला काढलेले आउटबोर्ड इंजिन दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन २८ किलोच्या आसपास भरत असे. होडीच्या मागच्या फळीला ते आवळून बसवायचे, वरच्या चाकाची मूठ धरून जोराने फिरवायची आणि निघायचे. नॉर्वेत जन्मलेल्या या कारागिराची बायको बेस जाहिराती लिहीत असे. वल्ही फेकून द्या, असे तिने गिऱ्हाइकांना सांगितले आणि लोकांनी ते ऐकलेही. मात्र वल्ह्यांच्या जागी उघड्या सिलिंडरचा फटफटाट आला.

हा आवाज खटकतो, हे बनवणाऱ्यांना लवकर कळले. एव्हिनरूडनेच १९२१ मध्ये ‘एल्टो’ हे दोन सिलिंडरचे, अ‍ॅल्युमिनियम वापरून हलके केलेले इंजिन आणले. त्या काळात धूर हवेत न सोडता पाण्याखाली सोडण्याची युक्ती रुळत गेली. १९५० च्या दशकापर्यंत इंजिनावर बंद झाकण आले आणि हादरा होडीच्या लाकडापर्यंत पोहोचू नये म्हणून रबरी आधारही आले. पण हे सगळे बाहेरचे उपाय होते. आवाजाचे मूळ टू-स्ट्रोक रचनेत होते.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो आणि वायू दाबाखाली असतानाच निकासाचे तोंड एकदम उघडते. तोच तो कर्कश कडकडाट. शिवाय ताजे पेट्रोल आत येत असतानाच धूर बाहेर जात असतो. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात चौथा हिस्सा इंधन न जळताच पाण्यात जाऊ शकते. फोर-स्ट्रोकमध्ये दर दुसऱ्या फेऱ्याला एकदा स्फोट होतो आणि निकासावर झडप असते. होंडाने १९६४ मध्ये आपले पहिले आउटबोर्ड आणले तेव्हा बाजार टू-स्ट्रोकचा होता, तरी त्यांनी फोर-स्ट्रोकच निवडले. ज्या पाण्यावर होडी चालते ते नासवू नये, हा सोइचिरो होंडांचा आग्रह होता. तरीही पुढची तीस वर्षे हलके, स्वस्त, सुटसुटीत टू-स्ट्रोकच खपत राहिले.

ते हटले ते पिण्याच्या पाण्यामुळे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये पसरलेले कॉन्स्टन्स सरोवर लाखो लोकांची तहान भागवते. तिथे १९९३ पासून बोटींच्या धुरावर कडक मर्यादा आल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम केला, की १९९८ ते २००६ या काळात नव्या आउटबोर्डमधून निघणारे हायड्रोकार्बन टप्प्याटप्प्याने सुमारे ७५ टक्क्यांनी घटले पाहिजेत. १ जून १९९९ पासून अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदीच झाली. नियम धुराचे होते, पण ते पाळायला कारखान्यांना फोर-स्ट्रोककडे वळावे लागले आणि काठावरच्या लोकांना शांतताही मिळाली. कानांसाठी वेगळा कायदा युरोपने नंतर केला. २००३ च्या निर्देशाने २५ मीटर अंतरावर १० किलोवॅटपर्यंतच्या इंजिनाला ६७ डेसिबल, ४० पर्यंत ७२ आणि त्यावर ७५ अशी मर्यादा घातली.

टू-स्ट्रोकनेही सहज हार मानली नाही. २००३ मध्ये ‘एव्हिनरूड ई-टेक’ आले. त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, म्हणून धूर आणि नासाडी दोन्ही खूप घटले. पण २०२० मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने हा व्यवसायच बंद केला आणि ओलेचे नाव इंजिनावरून पुसले गेले. त्या इंजिनाला याहून बरा शेवट शोभला असता.

आज जुन्या होडीला नवे इंजिन बसवणाऱ्याला शांतता विकत मिळते, पण तिच्यासोबत वजनही येते. तितक्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक साधारणपणे जड असते. मागची फळी ते पेलेल का, होडी मागे बसेल का, इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळते का, हे आधी पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाण्याखाली सोडलेला धूर आपल्या कानांना निवांत वाटतो, पण त्याचा आवाज पाण्यातच उरतो. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यात भर म्हणजे पंखा वेगाने फिरला की त्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि त्यांचा आवाज इंजिन कोणतेही असले तरी होतो. वर मोजलेले डेसिबल हवेतले आहेत. त्यांत हा आवाज धरलेला नाही.

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आउटबोर्डच्या होड्या समुद्रात जातात. तिथल्या कुबडवाल्या डॉल्फिनना भक्ष्य शोधायला आणि एकमेकांना हाक द्यायला आवाजाचाच आधार असतो. तेव्हा तिथले इंजिन बदलायला निघालेल्यांनी फोर-स्ट्रोक जरूर घ्यावे, आणि कळप दिसताच वेगही उतरवावा. होडीत बसलेल्या पर्यटकांनीही ‘अजून जवळ घ्या’ असा हट्ट धरू नये.