गिरणीच्या दारातली भरती : जॉबर, बदली आणि मुंबईचा कामगार

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापूसगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा मुलूख गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. १९२०च्या दशकात या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करीत होती. पण एवढ्या माणसांना कामावर घेण्यासाठी जवळजवळ कोणत्याही गिरणीत स्वतंत्र कचेरी नव्हती, अर्ज नव्हता, आणि नेमणुकीचा कागद तर नव्हताच. माणूस कामावर घ्यायचा की नाही हे खात्यातला जॉबर ठरवीत असे. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात भांडवल, यंत्रे आणि संप यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी कामगाराच्या आयुष्याला पहिले वळण देणारी ही दारावरची भरती तितक्याच बारकाईने पाहण्याजोगी आहे.

जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. तो स्वतः कामगारांतूनच वर आलेला असे, बिघडलेला साचा दुरुस्त करण्याचे कसब त्याच्या हातात असे, हाताखालच्या माणसांकडून माल काढून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असे, आणि माणसे कमी पडली तर ती आणून उभी करणे हेही त्याचेच काम मानले जाई. मोठ्या खात्यांत त्याच्यावर हेड जॉबर असे. रिळावर व कांडीवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे. गिरणीचा मॅनेजर बहुधा पारशी किंवा लँकेशायरहून आलेला इंग्रज, आणि त्याच्या खात्यातली माणसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतली किंवा उत्तर हिंदुस्थानातली. तेव्हा भाषा, जात, गाव आणि भाऊबंदकी जाणणारा मध्यस्थ त्याला हवाच होता.

कोकणातून बोटीने उतरलेला तरुण थेट गिरणीच्या दारात जात नसे. तो आधी गाववाल्यांच्या खोलीवर जाई, जिथे एकाच गावची दहा-बारा माणसे भाडे वाटून राहत आणि पाळीपाळीने झोपत. मग कोणीतरी त्याला आपल्या जॉबरच्या कानावर घाली. काम मिळाले तरी पैसा लगेच हाती पडत नसे, कारण पगार महिन्याने होई आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्याकडे कधीतरी, म्हणजे नव्या माणसाला पहिला पगार दिसेपर्यंत दीड महिना उसनवारीवर काढावा लागे. या दीड महिन्यात खानावळवाली, वाणी आणि सावकार यांच्याकडे त्याची पत जमवून देणारा माणूस पुष्कळदा जॉबरच असे. नोकरी लावून दिल्याबद्दल आणि ती टिकवल्याबद्दल जॉबर जी रक्कम घेई तिला दस्तुरी म्हणत. ही उघड लाचखोरी होती आणि तिचा भार सगळ्यात गरीब माणसावर पडे, यात शंका नाही. तरीही जॉबरला नुसता खलनायक ठरवणे अपुरे आहे. ज्या वस्तीत तो राही, तिथलाच त्याचा अधिकार होता; कामगारांनी पाठ फिरवली, तर वेळेवर माणसे पुरवणे त्याला जमत नसे आणि मग मॅनेजरच्या दृष्टीने त्याची किंमत उरत नसे. म्हणूनच संपांच्या काळात काही जॉबर मालकांच्या बाजूने, तर काही थेट संपकऱ्यांच्या पुढे उभे राहिलेले आढळतात.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून गावाकडे पळाले, तेव्हा या व्यवस्थेचा आधार किती कच्चा होता ते उघड झाले. गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालकांनी रोजच्या रोज मजुरी देण्यास सुरुवात केली, एका गिरणीची माणसे दुसरीने जास्त दर देऊन पळवली, आणि काही काळ का होईना, भाव करण्याची ताकद कामगाराच्या हातात आली. साथ ओसरल्यावर ती गेली आणि मासिक, उशिराचा पगार पुन्हा सुरू झाला.

जॉबरच्या अधिकाराचे सगळ्यात ठसठशीत रूप बदलीच्या पद्धतीत दिसते. कायम कामगाराने खाडा केला, म्हणजे तो त्या दिवशी कामावर आला नाही, तर त्याच्या जागी एका दिवसापुरता घेतला जाणारा माणूस तो बदली. पहाटे भोंगा होण्याआधीच बदल्यांची गर्दी दाराशी उभी राही. पाळी सुरू होऊन कोणते साचे रिकामे आहेत हे कळले, की जॉबर दाराशी येई आणि गर्दीतून हवी ती माणसे उचली. ज्याला बोलावले त्याला त्या दिवसाची मजुरी. ज्याला बोलावले नाही तो शेजारच्या गिरणीच्या दारात धाव घेई, आणि तिथेही जागा भरलेल्या असल्या तर रिकाम्या हाताने खोलीवर परते. उभे राहण्याचे मोल कोणी देत नसे. गिरणीमालक नेहमी तक्रार करीत की कोकणी कामगार शिमग्याला, गणपतीला आणि पेरणीला गावी जातो आणि म्हणून बदली ठेवावे लागतात. या म्हणण्यात तथ्य होते, पण ते अर्धे. सूत आणि कापड यांची मागणी सतत वरखाली होत असल्याने, मागणी पडली की विनाखर्च कमी करता येतील अशी माणसे हाताशी असणे मालकांच्या पूर्ण सोयीचे होते. बाजारातली जोखीम अशा रीतीने दारातल्या माणसाच्या पोटावर ढकलली जाई.

ओळखीतून होणाऱ्या या भरतीत जात आपोआप शिरली. विणकामाच्या खात्यात मजुरी सूतखात्यापेक्षा चांगली असे, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि या कारणावरून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीच्या भाषेत या अन्यायाला जागा मिळू नये, ही त्या चळवळीची मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१च्या आपल्या अहवालात कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, आणि त्यासाठी गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची योजना आली. तिच्यानुसार दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्डे दिली जात, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. बदलीला यामुळे प्रथमच लेखी ओळख मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कार्डामुळे कामाची हमी मिळाली नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या डिकॅज्युअलायझेशन योजनेने, म्हणजे सुट्या कामगारांची नोंद करून रिकाम्या जागांवर त्या नोंदीतूनच माणसे पाठवण्याच्या व्यवस्थेने, जॉबरचा भरतीवरचा हात आणखी आखडला. पण बदली ही वेगळी श्रेणी तिने संपवली नाही, आणि संपवावी असा मालकांचा आग्रहही कधी नव्हता.

त्यामुळे वर्षानुवर्षे त्याच गिरणीत राबूनही कायम न झालेले हजारो कामगार तयार होत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करा ही मागणीही त्यांनी पुढे ठेवली होती. ती मान्य झाली नाही, आणि संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेल्यावर मागणी करण्यासाठी दारही उरले नाही.