३७४ मेगाहर्ट्झची किंमत

तर मंडळी, या शनिवारी माळा आवरताना जुना मदरबोर्ड सापडला आणि १९९९ चं नगर आठवलं. (तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. आम्ही नगरच म्हणायचो.)

सावेडीतल्या खोलीवर आम्ही तिघं राहायचो. कॉम्प्युटर माझा. दादांनी, म्हणजे वडिलांनी, उसाच्या बिलातून पैसे दिलेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडला होता. प्रोसेसर इंटेलचा सेलेरॉन ३००ए.

ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला हा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा लाडका. पहिल्या सेलेरॉनला एल-२ कॅशच नव्हती; याला १२८ केबी, तीही प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. गुणक ४.५ वर लॉक, पण बसचा वेग मदरबोर्डवर बदलता यायचा. ६६ ला ३००, आणि १०० ला थेट ४५०! म्हणजे स्वस्तात महागड्या पेंटियम टू ४५० शी बरोबरी.

गोम इथेच होती. १०० च्या बससाठी ४४०बीएक्स चिपसेट लागायचा. माझ्याकडे आधीचा ४४०एलएक्स. इंटेलच्या लेखी त्याची मर्यादा ६६, पण बोर्डवाल्याने जंपरवर ७५ आणि ८३ पण ठेवले होते. मी ८३ लावला. ३७४ मेगाहर्ट्झ! विंडोज ९८ सुरू झालं, गेम पळाले, मी खोलीतला हिरो :)

आता यातलं गणित बघा. एलएक्सवर पीसीआयचा वेग बसच्या निम्मा. ६६ ला ३३, हे ठीक. ८३ ला मात्र ४१ च्या वर, आणि हार्डडिस्कचा कंट्रोलर त्याच पीसीआयवर. बीएक्सवर १०० ला तीनाने भाग जायचा, पुन्हा ३३ च. म्हणजे ४५० वाला निवांत आणि ३७४ वाला मी गोत्यात!

दोन आठवड्यांनी फाइली उघडेनात. मी नगरच्या उन्हाळ्याला दोष दिला, टेबलफॅन लावला. पण प्रोसेसर गारच होता. फायनल इयरचा प्रोजेक्ट गेला. फ्लॉपीवरची कॉपी महिन्यापूर्वीची.

दादांना सांगितलं, व्हायरस आला. ते एवढंच म्हणाले, "बरं, परत कर. पैसे लागले तर सांग."

आज बोर्डावरचा जंपर बघितला. ६६ वर. त्याच रात्री मी गुपचूप मागे घेतला होता.

असो. हे लिहून झालं की दादांना फोन करतो.