चिखलांतील ओळ

देशावरचा शेतकरी ज्वारी-बाजरी पाभरीनें ओळींत पेरतो. चाड्यावर मूठ धरली, कीं बीं नळ्यांतून खालीं तासांत पडतें. (चाडें म्हणजे काय, हें माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षीं नव्यानें सांगावें लागे.) मग भातालाच ही सोय कां नसावी? भाताचें शेत म्हणजे चिखल. त्यांत नळ्यांचीं तोंडें तेव्हांच बुजतात. शिवाय चिखलांत पेरावयाचें बीं मोड आणलेलें, ओलें असतें. तें नळींतून घसरत नाहीं. कोंकणांत असें मोडाचें बीं हातानें फेकतात, त्यास ‘रहू’ म्हणतात. पण त्यांत ओळ नसते. ओळ हवी तर लावणी करावी, आणि एका हेक्टराच्या लावणीस २५ ते ३० माणसांनीं दिवसभर कमरेंत वांकावें. या माणसांत बहुतेक बायकाच असतात.

फिलिपाईन्समध्यें लोस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील यंत्रज्ञांनीं पुढें जी युक्ति रूढ केली, तिच्यांत नळीच नाहीं. दोन चाकांमधील आंसावर पिंपें ओंवलेलीं, आणि प्रत्येक पिंपाच्या दोन्ही कडांना भोकांच्या रांगा. एक माणूस दांडी धरून ओढतो, पिंपें फिरतात आणि बीं भोकांतून थेट चिखलावर पडतें. आपल्या देशांत आलेल्या नमुन्यांत चार पिंपें व आठ ओळी असतात. दोन ओळींत अंतर २० सेंटिमीटर. बीं २४ तास भिजवून मग दडपून ठेवावयाचें आणि मोड जेमतेम दिसूं लागतांच भरावयाचें. मोड लांबला तर दाणे एकमेकांत गुंततात. पिंप काठोकाठ भरलें तरीही अडतें, कारण बियाला आंत उसळावयास जागा लागते.

या साधनाची खरी परीक्षा व्हिएतनामांत, मेकाँग नदीच्या मुखाकडील प्रदेशांत झाली. तेथें लावणी मागें पडून बीं फेकण्याची चाल रुळली होती, आणि हेक्टरीं २०० किलोंहूनही अधिक बीं टाकलें जाई. पीक दाट आलें, कीं रोग व तुडतुडे वाढत, आणि औषधांचा खर्चही वाढे. लोखंडी पिंपांच्या जागीं हलकीं प्लॅस्टिकचीं आलीं, तेव्हां शेतकऱ्यास १०० किलोंच्या आसपास बियांत भागवितां येऊं लागलें. चालू शतकाच्या आरंभीं तेथें बीं, नत्रखत व कीटकनाशक कमी करण्याची मोहीम निघाली. तिच्याशीं हें पिंप चांगलें जुळलें.

तरीही तें सर्वत्र टिकलें नाहीं. शेत सपाट हवें आणि पेरतांना पाणी काढलेलें हवें; पेरणीनंतर जोराची सर आली तर बीं वाहून जातें. पाठीवरच्या यंत्रानें बीं उडविणें अधिक झटपट होतें असें पाहून पुष्कळ शेतकरी पुन्हां फेकपेरणीकडे वळले. हा निवाडा मला पटत नाहीं, पण वेळेची ओढ ज्याची त्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट मजुरीची. लावणी टळते तेथें मालकाचा पैसा वांचतो. पण ज्या बायका त्या चार आठवड्यांच्या कमाईवर पावसाळा काढतात, त्यांच्या हातचें काम जातें. पिंपाची स्तुति करणारे हें क्वचितच सांगतात. उभें पाणी नसल्यानें भाताबरोबर तणही उगवतें, म्हणून निंदणी मात्र वाढते. ओळी सरळ असतील तर त्यांमधून दात्यांचें हातकोळपें उभ्यानें ढकलतां येतें. फेकलेल्या भातांत पुन्हां वांकूनच उपटावें लागतें.