उचल, ऊसतोडणीची

हंगामी कामासाठी परगावी जाण्याचे मान्य केल्याबद्दल मजुराला निघण्यापूर्वी दिली जाणारी आगाऊ रक्कम. बीड जिल्ह्यातून दरवर्षी साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जाणाऱ्या ऊसतोडणी कामगारांच्या व्यवहारात ही संज्ञा विशेष रूढ असून तेथे ही रक्कम मजुरी, कर्ज आणि प्रवासखर्च अशी तिहेरी कामगिरी बजावते. हातात पडताना ती कामाला राजी झाल्याचे बक्षीस भासते. प्रत्यक्षात ती तोडलेल्या प्रत्येक टन उसातून वळती करून घेतली जाते. त्यामुळे कोणत्या मुकादमाची उचल घ्यावी, हा या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांचा वर्षातील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक निर्णय असतो. या निर्णयाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी जिल्ह्याचाच आर्थिक इतिहास होय.

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेला आणि पर्जन्यछायेत येणारा आहे. उत्तर सीमेवरील गोदावरीकाठ आणि माजलगाव परिसर सोडल्यास आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार), वडवणी, धारूर, केज, परळी इ. तालुक्यांत शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असते. खरिपाची काढणी आटोपली, की पुढील सहा-सात महिने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला काम नसते. आगाऊ रक्कम घेऊन श्रम बांधून देण्याची पद्धत या भागाला नवी नव्हती. निजामी राजवटीत कर्जापोटी राबणाऱ्या शेतमजुरांना तेलंगणात ‘भागेला’ म्हणत. मराठवाड्यात गुढीपाडव्याला सालगडी ठरविला जाई व ठरलेल्या सालाचा काही भाग त्याला आधीच मिळे. सालगड्याची उचल मात्र गावातल्या गावात फिटत असे. ऊसतोडणीच्या उचलीत गाव सोडण्याची अट आली आणि व्यवहाराचे स्वरूप बदलले.

या बदलाचे मूळ बीडमध्ये नसून दख्खनच्या कालव्यांत आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये, तर प्रवरा कालव्यांना पाणी देणारे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर या कालव्यांच्या लाभक्षेत्रात खाजगी कारखाने वाढले. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ मध्ये गाळप सुरू केले आणि त्यानंतरच्या तीन दशकांत सहकारी कारखान्यांचे जाळे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सोलापूर, सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत पसरले. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही, तर त्यातील साखर घटते. म्हणून तोडणी व वाहतूक शेतकऱ्यावर न सोपविता कारखान्यांनी ती आपल्या नियोजनाखाली घेतली. गव्हाणीला अहोरात्र ऊस पुरविण्यासाठी हाक मारताच फडात उतरणारे मजूर हवे होते. स्थानिक मजुराला घर, शेत आणि अन्य काम असते. कारखान्याच्या आवारात कोपी घालून राहिलेल्या परक्या मजुराला यांपैकी काहीच नसते. हे मजूर प्रथम पाथर्डी, आष्टी, पाटोदा अशा लगतच्या दुष्काळी तालुक्यांतून आले. १९७०–७३ च्या अवर्षणाने ही वाट अधिक रुंद केली. त्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. योजनेने काम दिले, पण आगाऊ रक्कम दिली नाही, आणि स्थलांतर थांबले नाही याचे एक कारण या भेदात शोधावे लागते.

उचल कारखान्यातून मजुरापर्यंत सरळ पोहोचत नाही. कारखाना किंवा त्याच्याशी संलग्न तोडणी-वाहतूक संस्था वाहनमालकाला वा मुकादमाला आगाऊ रक्कम देते. वाहनमालक पुढे मुकादमाशी करार करतो आणि मुकादम टोळी जमवितो. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर ठरते. ती बहुधा पुरुषाच्या हाती दिली जाते, हिशेबही त्याच्याच नावाने राहतो. निम्मे काम करणाऱ्या स्त्रीचे नाव वहीत क्वचितच येते. प्रत्येक टप्प्यावर देणारा आपली जोखीम खालच्यावर ढकलीत असतो. मुकादमाला कधीकधी आपली जमीन अडकवावी लागते, म्हणून तो मजुराकडून मुद्रांकावर सह्या वा अंगठे घेतो. मजुरीवर शेकडा ठरावीक दलाली हे त्याचे उत्पन्न होय.

मुकादमाची निवड करताना कुटुंबे अनेक गोष्टी तोलतात, परंतु पहिला प्रश्न ‘उचल किती?’ हाच असतो. रक्कम एकदम मिळत नाही. पेरणी, शाळा, आजारपण यांसाठी पावसाळ्यात एक हप्ता, पोळ्यानंतर दुसरा आणि दसऱ्याच्या सुमारास गाडी भरताना शेवटचा, असा क्रम सामान्यपणे आढळतो. लग्नकार्य असलेले घर उन्हाळ्यातच पैसे देणाऱ्या मुकादमाकडे वळते. अनुभवी मजूर मात्र उचलीच्या आकड्यापलीकडेही पाहतो. कारखाना जवळचा की कर्नाटकातील बेळगाव-विजापूरकडचा. त्या भागात ऊस दाट की विरळ. काम डोकी केंद्रावर, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहून वाहन भरण्याचे, की बैलजोडी व टायरगाडी घेऊन. मुकादम आठवड्याची खर्ची वेळेवर देतो की अडवितो. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकण्याची मोकळीक आहे की नाही. कोपीजवळ पाणी आहे का. आणि एक दिवस काम चुकल्यास ‘खाडा’ म्हणून किती दंड कापला जातो. यांपैकी एकही बाब मुद्रांकावर लिहिलेली नसते. लिहिलेला असतो तो उचलीचा आकडा, आणि जो आकडा लिहिला जातो त्याच्याच आधारे स्पर्धा होते. मोठी उचल देणाऱ्याकडे टोळी लवकर भरते. मात्र उचल जितकी मोठी तितके जास्त टन तोडणे भाग पडते, हा हिशेब निघताना सहसा मांडला जात नाही.

तो मांडून पाहण्यासारखा आहे. साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील जानेवारी २०२४ च्या करारात मजुरीत शेकडा ३४ वाढ होऊन टनाचा मूळ दर सु. २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाची दलाली शेकडा २० झाली. अलीकडे एका कोयत्याची उचल लाख रुपयांपर्यंत व त्यापुढेही जाते. एक लाख रुपये फेडण्यास जुन्या दराने ३६६ टन ऊस तोडावा लागे, नव्या दराने २७३ टन. दोन्ही आकडे योगायोगाने परस्परांची जागा घेतात. दिवसाला दोन टन, हे चांगल्या जोडीचे काम धरले, तर नव्या दरानेही सु. १३७ दिवस लागतात, आणि त्यात खर्चीची वजावट धरलेली नाही. हंगाम किती दिवस चालेल हे मजुराच्या हाती नसते. २०२१-२२ चा हंगाम काही भागांत जूनपर्यंत लांबला, तर २०२४-२५ मध्ये उसाअभावी बहुतेक कारखाने मार्चअखेरपूर्वीच बंद झाले. लांबलेल्या हंगामात उन्हाचा त्रास आणि खरिपाच्या मशागतीची खोटी होते. आखूड हंगामात उचल अंगावर राहते.

आरंभी मोठी रक्कम पुढे करून माणूस मिळविण्याची ही रीत आधुनिक पतव्यवहारातही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली स्थापन झालेल्या डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ मध्ये भारतात आले. १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले क्रेडिट कार्ड काढले. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नियमित प्रवाशांना मैल देण्याची योजना सुरू केली व १९८७ मध्ये सिटीबँकेच्या कार्डावरील खर्चालाही असे मैल मिळू लागले. पुढे नव्या कार्डधारकाला आरंभीच विमानप्रवासाचे गुण बहाल करण्याची प्रथा रूढ झाली व ती भारतातही आली. हे गुण बहुधा ठरावीक महिन्यांत ठरावीक खर्च केल्यावरच मिळतात. त्यांतून वार्षिक शुल्क वजा करावे लागते. आणि देयक पूर्ण न भरल्यास लागणारे व्याज दरमहा शेकडा तीनच्या पुढे जाऊ शकत असल्याने ते गुणांची किंमत पाहता पाहता खाऊन टाकते. गुणांचे मोलही देणाऱ्याच्या स्थैर्यावर अवलंबून असते, हे जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली तेव्हा दिसून आले. येथवर दोन्ही व्यवहारांत साम्य आहे. परंतु कार्डाच्या शुल्काचे व व्याजाचे दर लेखी कळविण्याचे बंधन असून रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ते अधिक स्पष्ट केले. नको असलेले कार्ड देणे चुकते करून बंद करता येते. फडावरून मध्येच परतणाऱ्या मजुराला अशी सोय नाही. बीडच्या खेड्यांत पोहोचलेले पहिले महत्त्वाचे पतकार्ड म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड. त्याची मर्यादा जमीन व पीक यांवर ठरते. एक-दोन एकर कोरडवाहू शेत असणाऱ्याला ती तुटपुंजी पडते. अशा कुटुंबाच्या पतीचे खरे माप त्याच्या दोन कोयत्यांत आहे, आणि त्या तारणावर कर्ज देणारा मुकादमच भेटतो.

उचलीचे बंधन एकतर्फी आहे असे मात्र म्हणता येत नाही. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याबरोबर जाणारे मजूर आहेत, तसेच कारखान्यांची रक्कम घेऊन नाहीसे होणारे मुकादमही आहेत. परिणामांत मात्र समता नाही. रक्कम बुडाल्यास मुकादमाला न्यायालयाचा किंवा पोलिसांचा रस्ता मोकळा असतो. मजुराच्या बाबतीत बाकी वसूल होईपर्यंत कुटुंबातील कोणाला अडकवून ठेवल्याच्या तक्रारी वेळोवेळी पुढे आल्या आहेत. खाड्याच्या दंडाचा भार स्त्रियांवर विशेष पडतो. मासिक पाळी, बाळंतपण वा आजार यांमुळे बुडालेला दिवस उचलीत मिळविला जातो आणि औषधोपचारासाठी घेतलेली रक्कमही त्याच खात्यावर चढते. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या आकड्यामागील वैद्यकीय कारणे वेगवेगळी असतील. परंतु खाडा टाळण्याची निकड त्यांतून वगळता येत नाही.

कायद्याने आगाऊ रकमेचा दोन दिशांनी विचार केला आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने आगाऊ रकमेपोटी अन्यत्र काम करण्याचे वा किमान वेतनाचे स्वातंत्र्य गमावणे हे वेठबिगारीचे लक्षण मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ व १९८४ मधील निर्णयांत हा अर्थ व्यापक केला. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम अधिक लक्षणीय आहे. त्याने कंत्राटदारावर मजुराला मासिक वेतनाच्या निम्मी किंवा ७५ रुपये यांपैकी जास्त असेल ती रक्कम विस्थापन भत्ता म्हणून देण्याचे बंधन घातले. हा भत्ता परत करावयाचा नव्हता व मजुरीतून कापावयाचाही नव्हता. याखेरीज जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांचे वेतनही देय होते. म्हणजे निघण्यापूर्वीची रक्कम हे कर्ज नसून हक्क आहे, ही कल्पना कायद्यात आली होती. परंतु तिला राज्याची सीमा ओलांडण्याची अट होती. त्यामुळे एकाच गावातून बेळगावकडे गेलेला कोयता कायद्याच्या कक्षेत येई, सांगलीकडे गेलेला येत नसे. आणि कक्षेत येणाऱ्यालाही भत्त्याऐवजी उचलच मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत प्रवासभत्त्याची तरतूद राहिली. विस्थापन भत्ता वगळला गेला.

कामगार संघटनांनी आपली शक्ती मुख्यतः टनाच्या दरावर खर्च केली. बबनराव ढाकणे व गोपीनाथ मुंडे हे या चळवळीतील प्रमुख नेते होत. संपाच्या वेळी साखर संघाशी वाटाघाटी करून तीन ते पाच वर्षांचे करार करण्याची पद्धत रूढ झाली. ऑक्टोबर २०२० च्या करारात शेकडा १४ वाढ मिळाली. दर वाढणे आवश्यकच होते. परंतु उचलीचे लेखी पावतीपुस्तक, खाड्याच्या दंडाची मर्यादा आणि स्त्रीच्या नावे स्वतंत्र हिशेब हे विषय या करारांत मागे पडले, असे म्हणावे लागते. मुंडे यांच्या नावाने २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले व कामगारांच्या नोंदणीस प्रारंभ झाला. नोंदणीनंतर मिळणाऱ्या ओळखपत्रामुळे मजूर शासनाला प्रथमच नावानिशी ज्ञात होऊ लागला. त्या पत्रावर उचल मात्र मिळत नाही.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, हिशेब होतो. टनांच्या पावत्या मुकादमाच्या वहीशी ताडून उचल, खर्ची व खाडे वजा केले जातात. ज्याची उचल फिटली तो गावी येऊन जूनपर्यंत दोन-तीन मुकादमांचे आकडे ऐकून घेतो. ज्याच्या अंगावर बाकी राहिली, त्याची बाकी नव्या उचलीत मिळविली जाते, काही ठिकाणी दीडपट वा दुप्पट करून. आणि दसऱ्यानंतर तो त्याच मुकादमाच्या गाडीत बसतो.