‘कुत्ता गोळी’ मेंदूत नेमकं काय करते? झोपेच्या गोळ्यांचं व्यसन कसं लागतं?

मालेगाव, छत्रपती संभाजीनगर या शहरांतल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांमध्ये ‘कुत्ता गोळी’, ‘बटन गोळी’ ही नावं वारंवार दिसतात. नावं ऐकून हे एखादं नवं ड्रग असावं असं वाटतं. प्रत्यक्षात अल्प्राझोलम, नायट्राझेपाम यांसारख्या औषधांना नशेच्या बाजारात मिळालेली ही टोपणनावं आहेत. चिंता कमी व्हावी किंवा झोप लागावी म्हणून डॉक्टर लिहून देतात, तीच ही औषधं.

मग घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी आणि पोलिसांनी जप्त केलेली गोळी एकच कशी? मन शांत करणारं औषध नशा का देतं? आणि ते एकदम बंद केलं तर जिवावर का बेतू शकतं? या प्रश्नांची उत्तरं मेंदूतल्या एकाच यंत्रणेत सापडतात. तिचं नाव आहे गाबा-ए रिसेप्टर.

मेंदूचा ब्रेक

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना रसायनांच्या मदतीने संदेश पाठवतात. काही रसायनं पुढच्या पेशीला उत्तेजित करतात, तर काही तिला शांत बसवतात. शांत बसवणारं मेंदूतलं मुख्य रसायन म्हणजे गाबा.

गाबा-ए रिसेप्टर हे पेशीच्या आवरणावरचं, प्रथिनांच्या पाच तुकड्यांनी बनलेलं एक छोटं दार आहे. गाबा येऊन चिकटलं की हे दार उघडतं आणि ऋण विद्युतभार असलेले क्लोराईडचे कण आत शिरतात. त्यामुळे पेशी सहजासहजी पुढे संदेश पाठवत नाही. हा ब्रेक सैल पडला तर असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडू लागतात आणि माणसाला फिट येऊ शकते.

गोळी हा ब्रेक कसा दाबते?

अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधं ‘बेंझोडायझेपिन’ गटातली आहेत. ती दार स्वतः उघडत नाहीत. ती दाराच्या वेगळ्याच जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. गाबा तेवढंच असलं, तरी दार जास्त वेळा उघडतं.

त्याआधीची बार्बिट्युरेट औषधं जास्त धोकादायक होती. ती दार जास्त वेळ उघडं ठेवतात आणि मोठ्या मात्रेत तर गाबा नसतानाही ते उघडतात. त्यामुळे मात्रा थोडी चुकली तरी श्वास बंद पडू शकतो. अभिनेत्री मेरिलिन मन्रो हिचा 1962 मधला मृत्यू याच गटातल्या औषधाच्या अतिसेवनाने झाला होता.

त्यामुळे रॉश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून 1960 मध्ये लिब्रियम आणि 1963 मध्ये व्हॅलियम बाजारात आलं, तेव्हा ‘सुरक्षित पर्याय’ म्हणून त्यांचं स्वागत झालं. व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम. आपल्याकडे ते ‘काम्पोज’ या नावाने घरोघरी माहीत झालं.

पण ही सुरक्षितता गोळी एकटी घेतली तरच. दारूसुद्धा गाबा-ए रिसेप्टरवर काम करते. गोळी आणि दारू, किंवा गोळी आणि अफूपासून बनलेली वेदनाशामकं एकत्र घेतली, तर श्वासाचा वेग धोकादायकरीत्या मंदावतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये बेंझोडायझेपिन आणि अफूजन्य औषधं एकत्र घेण्याबाबत आपला सर्वांत कडक इशारा दिला, तो यामुळेच.

ब्रेक दाबून ‘किक’ कशी बसते?

मेंदूला शांत करणाऱ्या औषधाने मजा का यावी, हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचं उत्तर मांडलं.

मेंदूच्या मध्यभागी डोपामाइन सोडणाऱ्या पेशी असतात. एखादी गोष्ट पुन्हा करावीशी वाटण्यामागे डोपामाइनचा मोठा वाटा असतो. या पेशींवर शेजारच्या काही पेशींचा कायम पहारा असतो. गोळी आधी या पहारेकऱ्यांनाच झोपवते. पहारा उठला की डोपामाइन वाढतं. थोडक्यात, गोळी ब्रेकवरच ब्रेक लावते.

हे घडतं ते पहारेकरी पेशींवर असलेल्या, ‘अल्फा-1’ नावाचा तुकडा असलेल्या रिसेप्टरमुळे. ज्या उंदरांमधला हा तुकडा जनुकीय बदल करून औषधाला दाद न देणारा केला होता, त्यांना औषधाची ओढ लागली नाही. 1999 आणि 2000 मध्ये उंदरांवरच झालेल्या प्रयोगांतून दिसलं होतं की गुंगी मुख्यतः अल्फा-1 मुळे येते, तर चिंता कमी होण्यात अल्फा-2 महत्त्वाचा असतो. म्हणूनच गुंगी आणि व्यसन टाळून फक्त चिंता कमी करणारं औषध शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

एकाच्या दोन गोळ्या का होतात?

ब्रेक बाहेरून रोज दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू स्वतःची यंत्रणा बदलतो. रिसेप्टर औषधाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत आणि उत्तेजित करणारी यंत्रणा जोर धरते. मग तेवढ्याच गोळीने झोप लागत नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणाऱ्याच्या शरीरालाही तिची सवय लागू शकते. त्याला अवलंबित्व म्हणतात. नुकसान दिसत असूनही गोळीमागे धावणं, मात्रा स्वतःच वाढवत नेणं, हे व्यसन. दोन्ही एकच नाहीत. पण गोळी अचानक बंद करण्याचा धोका दोघांनाही असतो.

अचानक बंद केली तर?

गोळी थांबते, पण बदललेला मेंदू लगेच पूर्वीसारखा होत नाही. ब्रेक कमकुवत आणि ॲक्सिलरेटर जोरात, अशी स्थिती होते. झोप उडते, हात थरथरतात, भीती दाटते, भास होतात. काहींना फिट येते आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

तेलंगणात 2015 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथल्या ताडीत अल्प्राझोलम, डायझेपामची भेसळ होत असे. सरकारी कारवाईनंतर ही ताडी मिळेनाशी झाली आणि निजामाबाद व आसपासच्या भागांत अनेक जण अशाच त्रासाने रुग्णालयात पोहोचले. आपल्याला सवय ताडीची आहे, असंच पिणाऱ्यांना वाटत होतं.

मग काय करावं?

- गोळी स्वतःहून सुरू करू नका, वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने, गरज पडल्यास काही महिने घेऊन कमी करतात.
- ही औषधं साधारणपणे थोड्या काळासाठीच असतात. जुनीच चिठ्ठी वर्षानुवर्षं चालवू नका.
- वयस्कर व्यक्तींमध्ये या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळल्यासारखं होण्याचा धोका जास्त असतो.
- अल्प्राझोलम, डायझेपाम आणि नायट्राझेपाम ‘शेड्यूल एच-1’मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते.
- घरातलं कुणी ‘कुत्ता गोळी’ घेत असल्याचं कळलं, तर गोळ्या फेकून देऊन त्याला खोलीत कोंडू नका. आधी डॉक्टर गाठा. फिट आली किंवा भास होऊ लागले, तर थेट रुग्णालयात न्या.

व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहेत. दोन्ही मोफत आहेत.