लहान लाटांसाठी हायड्रोफॉइल कोणत्या साइझचं घ्यावं? वजन आणि वेगाचं सोपं गणित

पाण्याच्या फूट-दीड फूट वरून, आवाज न करता तरंगत जाणारा सर्फर तुम्ही रील्सवर नक्की पाहिला असेल. त्याच्या बोर्डाखाली एक उभा दांडा असतो आणि दांड्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा आणि मागचा छोटा. यालाच हायड्रोफॉइल म्हणतात. पूर्वी हवाईत लेअर्ड हॅमिल्टनसारखे लोक जेट-स्कीने ओढून घेत मोठ्या लाटांवर हा प्रकार करायचे. २०१६ च्या सुमारास काय लेनीचे व्हिडिओ गाजले आणि फॉइल सर्वसामान्य सर्फरच्या हातात आलं.

बोर्डावर पोटावर झोपून, हातांनी वल्हवत लाट पकडायची, झटकन उभं राहायचं आणि फॉइलवर वर यायचं, याला प्रोन फॉइलिंग म्हणतात. यात सगळ्यांना पडणारा पहिला प्रश्न एकच: माझ्या वजनाला कोणतं फॉइल?

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असतो. इथल्या टूर्मलिन बीचवर लाटा हळू आणि उतरत्या, म्हणजे शिकायला उत्तम. माझं वजन ६४ किलो. पहिलं फॉइल घेताना दुकानदाराने सांगितलं, "नवीन आहात, लाटा लहान आहेत, मग सगळ्यात मोठं घ्या." मी २००० चौरस सेंटीमीटरचं घेतलं. तिसऱ्याच दिवशी उभा राहताना फॉइल पाण्यातून रॉकेटसारखं बाहेर आलं, मी मागे पडलो आणि पंखाची कड नडगीला लागली. पाच टाके पडले. (आईला अजून सांगितलेलं नाही.) घरी बसून होतो तेव्हा म्हटलं, चला, आता तरी गणित करू. खरं तर ते खरेदीच्या आधी करायला हवं होतं.

उचल कशावर ठरते?

विमानाचंच सूत्र आहे. उचल म्हणजे अर्धा × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचं क्षेत्रफळ × उचल गुणांक. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५ किलो प्रति घनमीटर, हवेच्या आठशेपट. म्हणून माणसाला उचलायला एवढासा पंख पुरतो.

उचल गुणांक पंखाच्या आकारावर आणि पाण्याशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असतो. उभं राहून वर येतानाच्या क्षणासाठी मी तो ०.८ धरलाय. पंख जाड असेल तर थोडा जास्त मिळेल, पातळ असेल तर कमी. आता वजन. इथे बहुतेक जण फक्त स्वतःचं वजन धरतात, पण बोर्ड, फॉइल आणि ओला वेटसूट यांनाही उचलायचंच असतं. मी त्यासाठी सरसकट ९ किलो धरतो.

हे आकडे सूत्रात टाकले की वर यायला किती क्षेत्रफळ लागेल ते असं निघतं (चौरस सेंटीमीटरमध्ये):

| तुमचं वजन | ताशी १२.६ किमी | ताशी १४.४ किमी | ताशी १६.२ किमी |
|---|---|---|---|
| ५५ किलो | १२५० | ९६० | ७६० |
| ६५ किलो | १४५० | १११० | ८७० |
| ७५ किलो | १६४० | १२६० | ९९० |
| ८५ किलो | १८४० | १४१० | १११० |
| ९५ किलो | २०३० | १५६० | १२३० |

आता हा तक्ता आधी उभा वाचा, मग आडवा. उभं वाचलं तर वजन ७५ वरून ८५ झालं की क्षेत्रफळ साधारण १२ टक्के वाढतं. आडवं वाचलं तर वेग ताशी १४.४ वरून १२.६ झाला, म्हणजे दोन किलोमीटरपेक्षाही कमी घटला, की क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढतं. कारण वेगाचा वर्ग होतो, वजनाचा नाही. दहा किलो जास्त वजनाची भरपाई ताशी जेमतेम ०.८ किलोमीटर जास्त वेगाने होते.

दुकानातल्या चार्टमध्ये मात्र बहुतेक वेळा वजनाचा एकच रकाना असतो. तो चार्ट चुकीचा नसतो, अर्धवट असतो. कोणत्या वेगाच्या लाटेसाठी, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

मग आपल्या लाटेचा वेग किती?

किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात लाटेचा वेग मुख्यतः खोलीवर ठरतो. गुरुत्व त्वरण गुणिले खोली, आणि त्याचं वर्गमूळ. दीड मीटर खोलीवर हा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास येतो, दोन मीटरवर १६. सव्वा मीटरवर बारा-साडेबारा. म्हणजे अगदी काठाशी फुटणारी लाट दिसायला कितीही जोरदार असली तरी पुढे सरकते हळूच. शिवाय तिथे दांडा तळाला टेकायची भीती. फॉइलला हवी असते जरा आतून येणारी, लांब उताराची, फुटू की नको असा विचार करणारी आळशी लाट.

अजून एक गोष्ट. तुम्ही सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेला तिरके गेलात तर लाटेपेक्षा जास्त वेगाने जाता. ३० अंशांच्या तिरकेपणाला साधारण १५ टक्के वेग जास्त मिळतो. म्हणून अनुभवी माणूस त्याच लाटेवर लहान फॉइल चालवतो आणि आपल्याला वाटतं याचं वजन कमी असेल.

मी अंदाजावर थांबलो नाही. जीपीएस घड्याळ लावून पंधरा-वीस वेळा पाण्यात गेलो, फाइल्स काढल्या आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून उभं राहण्याच्या क्षणाचा वेग बघितला. टूर्मलिनवर कमरेएवढ्या लाटांना माझा वेग ताशी १४ ते १५ यायचा. घड्याळ नसेल तर मित्राला किनाऱ्यावरून व्हिडिओ काढायला सांगा. दोन ओळखीच्या खुणांमधलं अंतर माहीत असलं की पुरे.

माझं काय चुकलं होतं

६४ अधिक ९, म्हणजे ७३ किलो. २००० चा पंख एवढं वजन ताशी साडेदहा किलोमीटरलाच उचलतो. लाट चालली होती साडेचौदाने. त्या वेगाला, त्याच कोनात, तो पंख जवळपास १३४ किलो उचलायला तयार होता. वर होते ७३. उरलेल्या जोराने मला बाहेर फेकलं, यात आश्चर्य ते काय? सगळा भार पुढच्या पायावर देऊन, नाक दाबून असं फॉइल खाली ठेवता येतं, पण नवशिक्याला उभं राहण्याच्या अर्ध्या सेकंदात ते जमत नाही. पंख पाण्याबाहेर आला की त्याच्यावर हवा शिरते, उचल एकदम जाते आणि आपण त्याच्याच धारेवर पडतो.

माझ्या नागपूरच्या मित्राची गोष्ट बरोबर उलटी. वजन ८८, फॉइल घेतलं ९०० चं, कारण यूट्यूबवर सगळे तेच वापरत होते. त्याचं गणित ताशी १८ किलोमीटरच्या वर जातं. बिचारा महिनाभर पोटावरच होता! आपण म्हातारे झालो असं त्याला वाटायला लागलं होतं. तो एकतीस वर्षांचा आहे.

आता मी ११०० वर आहे आणि तो १५०० वर. दोघांचा वर येण्याचा वेग ताशी १४.२-१४.३ निघतो. एकाच लाटेवर, एकाच जागी दोघेही उठतो.

फक्त क्षेत्रफळ बघू नका

पंखाची लांबी महत्त्वाची. टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ, याला आस्पेक्ट रेशो म्हणतात. १२०० चा पंख ९० सेंटीमीटर लांब असेल तर हा आकडा पावणेसातच्या जवळ, ११० असेल तर दहा. जास्त रेशोचा पंख छान घसरतो, पंपिंग करून मागच्या लाटेवर परत जायला मजा येते. पण वळताना लांब टोक पाण्याबाहेर येतं, आणि वेग कमी पडला की तो समजूत न घालता एकदम बसतो. पहिल्या फॉइलला मी तरी पाच ते सातच्या मध्येच राहायला सांगेन.

छापलेला आकडाही तपासा. काही कंपन्या वरून पडणाऱ्या सावलीचं क्षेत्रफळ लिहितात, काही वाकलेल्या पंखाचं प्रत्यक्ष क्षेत्रफळ. त्यामुळे एकाचं १२०० दुसऱ्याच्या १२०० पेक्षा लहान निघू शकतं. जुनं फॉइल घेणार असाल तर हे आधी विचारा.

नवशिक्यांनी तक्त्यात आपल्या खऱ्या वेगाचा आणि त्याच्या डावीकडचा रकाना, या दोन्हींच्या मधला आकडा धरावा. उभं राहताना आपला वेग सांडतोच, तेवढी सूट पुरते. त्याहून मोठं नको. जड माणसाने आधी दांडा किती ताठ आहे ते बघावं. तो वाकत असेल तर पंख कितीही बरोबर असला तरी फॉइल डळमळतं.

आणि नवीन पंख मागवण्याआधी दांडा बोर्डाच्या खाचेत सेंटीमीटरभर पुढे-मागे सरकवून बघा. पुढे सरकवला की उचल लवकर मिळते, मागे सरकवला की शांत होते. याला पैसे लागत नाहीत. माझ्या २००० च्या फॉइलचा दांडा त्या दिवशी सगळ्यात पुढच्या खुणेवर होता, हे मला टाके काढल्यावर लक्षात आलं.

कोकणात चालेल का?

रत्नागिरीचे मित्र हे हमखास विचारतात. पावसाळ्यात नावही काढू नका. एरवी भाट्यासारख्या सपाट वाळूच्या किनाऱ्यावर लहान, हळू लाटा असतात, म्हणजे तक्त्याचा डावा रकाना. पण ओहोटीला पाऊण मीटरचा दांडा वाळूत रुतणार, त्यामुळे भरतीची वेळ बघून, किमान छातीएवढ्या पाण्यात आणि पोहणाऱ्यांपासून लांबच. हेल्मेट घाला. फॉइल ४५० डॉलरचं असो नाहीतर दीड हजारचं, कड दोघांचीही सारखीच लागते.